मनोहरभाऊजींची अमानत

आमच्या गल्लीत मनोहरभाऊजी दिसायच्या आधी ऐकू यायचे. करदोट्याला बांधलेला चाव्यांचा जुडगा शर्टाखाली असायचा, पण झाकून राहायचा नाही. चालताना तो मांडीवर आपटायचा आणि मालकाच्या चालीप्रमाणे वाजायचा. घाईत असले की उधळलेल्या बैलांच्या घुंगरांसारखा, जेवून निघाले की सुस्त. माझी बायको त्या आवाजावरूनच चहात पाणी वाढवायची.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आदिलाबादच्या एका जिनिंगच्या दफ्तरात त्यांनी सगळी नोकरी काढली. कापसातून सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या, ट्रकवर चढवायच्या, असा तो कारखाना. दिवसभर हवेत कापूस उडायचा. संध्याकाळी घरी येताना भाऊजींच्या भुवया पांढऱ्या असायच्या आणि तोंड धुतलं की वय कमी व्हायचं.

जुडग्यातल्या त्यांच्या स्वतःच्या चाव्या थोड्याच. बाकी सगळ्या लोकांच्या. गल्लीतलं कुणी लेकीकडे मंचेरियलला निघालं की घराची चावी भाऊजींकडे. देवळातल्या भांड्यांच्या खोलीची त्यांच्याकडे, गणपती मंडळाच्या लाऊडस्पीकरच्या पेटीची त्यांच्याकडे, निवृत्त होऊन हैदराबादला मुलाकडे गेलेल्या पोस्टमास्तरांच्या बंद घराचीही त्यांच्याकडे. लोक परत यायचे, चावी न्यायचे. काही मात्र यायचेच नाहीत. घर विकलं जायचं, नवा मालक कुलूप बदलायचा. पोस्टमास्तरांचं घर पाडून तिथे मोबाइलचं दुकान आलं. चावी जुडग्यातच राहिली.

मी एकदा म्हटलं, "भाऊजी, हे दार आता कुठंच नाई."

"राहू दे ना," ते म्हणाले. "अमानत हाय."

अमानत हा त्यांचा शब्द. वडील तहसिलीत कारकून होते आणि तिथली जुनी दफ्तरी उर्दू जिभेवर घेऊन घरी यायचे. ज्याने विश्वासाने वस्तू दिली तो मागायला येईपर्यंत ती हलवायची नाही, एवढा एकच कायदा भाऊजींनी वडिलांकडून उचलला आणि तो चाव्यांना लावला. देणारा मरून गेला असला तरी कायदा लागूच.

हा कायदा कसा चालायचा, ते आमच्या घराने एकदा भोगलं. माझ्या सासूबाई आमच्या कोठीच्या खोलीत ज्वारी काढायला गेल्या आणि वाऱ्याने दार लागलं. दाराला जुन्या घडणीचं, दार लागलं की आपोआप बसणारं आतलं कुलूप, चावी हरवलेली. मी भाऊजींना बोलावलं. ते आले, दारापुढे उकिडवे बसले आणि जुडग्यातली पहिली चावी लावून पाहू लागले. मग दुसरी. मग तिसरी.

मी म्हटलं, "अहो, हे तं लाऊडस्पीकरच्या पेटीची हाय."

"लागली तं?" ते म्हणाले.

एकही चावी वगळायला ते तयार नव्हते. आत सासूबाईंनी आधी रामाचं नाव घेतलं, मग माझं घेतलं आणि शेवटी फटीतून चहा मिळेल का, असं विचारलं. एवढ्यात कुणाची तरी चावी कुलपात मोडली. सुताराने बिजागऱ्या काढून दार उतरवलं, तेव्हा सासूबाई धुळीने माखून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "सुरेशराव, तुमच्या भाऊजीच्या चाब्या झाल्या असतीन तं मले एक खुर्ची द्या."

भाऊजींनी कुलपात अडकलेला तुकडा सुताराकडून काढून घेतला आणि मोडकी चावी पुन्हा जुडग्यात ओवली. "याच्या मांगची लागलीच असती," असं ते कितीतरी दिवस म्हणत होते.

ताई त्यांना जेलरसाहेब म्हणायची. चारचौघांतही म्हणायची. "जेलरसाहेब, जेवायला सुट्टी आहे का?" ते गालातल्या गालात हसायचे. ताईची घराची चावी वेगळी होती, तिला तिने लाल लोकरीचा गोंडा बांधला होता, म्हणजे अंधारातही हाताला कळावी. मूलबाळ नव्हतं. दोघांचं घर, दोन चाव्या, आणि संध्याकाळी जो आधी येईल त्याने चहा ठेवायचा, असा त्यांचा संसार होता.

ताई गेली. गोंड्याची चावी जुडग्यात आली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी एकदा त्यांच्यासोबत त्यांच्या घरी गेलो. दाराला बाहेरून कुलूप. भाऊजींनी जुडगा हातात घेतला, पण आधी कडी वाजवली. थोडं थांबले. मग चावी लावली.  आत गेल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं, "सवय हाय." आणि चहाला आधण ठेवलं.

ते कडी वाजवणं माझ्या डोक्यातून जाईना. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, भाऊजींच्या लग्नाचं विमलबाईंना विचारू का? विमलबाई जवळच्या तामसी गावच्या. भावाच्या शेतात भाजी लावायच्या आणि पहिल्या बसने वांगी, मेथी घेऊन आदिलाबादच्या बाजारात बसायच्या. नवरा जाऊन बराच काळ झाला होता. माझी बायको त्यांच्याकडूनच भाजी घ्यायची. म्हणजे भाजी एक जुडी घ्यायची आणि गप्पा तासभर करायची. बाई सरळ होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मानूस घरी येऊ द्या, भावासमोर बसू द्या, मंग पाहू.

भाऊजींना मी हे सांगितलं तेव्हा ते खूप वेळ जुडग्याशी खेळत राहिले. नाही म्हणाले नाहीत. आमच्या भाऊजींच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

पण तामसीला जाणं जमेना. दोनदा ठरलं, दोनदा बारगळलं, आणि दोन्ही वेळा कारण एकच. जिनिंग.

त्याचं असं होतं. गाठी विकत घेणारी कंपनी दक्षिणेकडची. ट्रक निघण्याआधी प्रत्येक गाठीचा नंबर आणि वजन असलेली फाइल त्यांच्या सर्व्हरवर गेली पाहिजे, तिकडून पोच आली पाहिजे, तेव्हाच फाटक उघडायचं. ईमेल त्यांना चालत नसे. फाइल एका बंदोबस्ताच्या रस्त्याने पाठवायची. त्या रस्त्यावर पासवर्ड विचारत नाहीत. आपल्या कॉम्प्युटरमध्ये एक गुप्त फाइल असते, तिची जोडीदार फाइल त्यांच्याकडे असते, आणि दोघींची जुळणी झाली की आपण आत. त्या गुप्त फाइलला चावीच म्हणतात. चावी म्हटल्यावर ती कोणाच्या ताब्यात गेली असेल ते सांगायला नको. जिनिंगचे मालक, शेठ, तर खूश झाले. फाटकाची चावी मनोहररावांकडे, सर्व्हरची मनोहररावांकडे, आता आपण निवांत. निवांत झाले ते शेठ. भाऊजी सुट्टीवर म्हणजे फाटक सुट्टीवर, म्हणून भाऊजींना सुट्टीच नाही. ताई असती तर म्हणाली असती, जेलरच आत राहिला.

तिसऱ्यांदा ठरलं तेव्हा विमलबाईंच्या भावाचा निरोप स्पष्ट होता. चार वाजता या, आम्ही वाट पाहतो. आज नाही आले तर आम्ही समजून जाऊ.

थंडीचे दिवस, कापसाचा भर हंगाम. भाऊजींनी शेठकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मंजूर करून घेतली होती. दुपारी फाइल पाठवायची, फाटक उघडून ट्रक काढायचे आणि दोनच्या बसने तामसी. बदामी रंगाचा नवा शर्ट शिवला होता. मिशीला रंग लावला होता, तो थोडा गालावरही लागला होता, पण ते त्यांना सांगायची हिंमत आम्हा कुणात नव्हती.

दुपारी माझ्या दुकानात फोन आला. "सुरेश, मले आत घेऊन नाई राह्यलं ते."

"कोण?"

"सर्व्हर."

इथे माझ्या दुकानाविषयी सांगायला हवं. दुकान झेरॉक्सचं. पण पाटी रंगवून घेताना कोपऱ्यात जागा उरली म्हणून मी 'कॉम्प्युटरची सर्व कामे' असंही लिहून घेतलं. त्या एका ओळीने मला आयुष्यात जितकं अडकवलं तितकं लग्नानेही नाही, असं मी बायको सोडून सगळ्यांना सांगतो. तर त्या ओळीचा मान राखायला मी स्कूटर काढली आणि जिनिंगमध्ये पोचलो. भाऊजींनी येऊन फाटक उघडलं, राखणदार मल्लय्याने मला आत घेतलं आणि माझ्या मागे फाटकाचं कुलूप दाबलं. कुलूप दाबून लागायचं. उघडायचं ते भाऊजींच्या चावीने. मग एका ट्रकने पुढे सरकून फाटकाला नाक लावलं. आता मीही आत होतो.

दफ्तराची खोली म्हणजे पत्र्याची पेटी. एक खिडकी, तिला जाळी, जाळीवर कापसाचा थर. कॉम्प्युटरवर ताईने जुन्या ओढणीचं शिवलेलं आच्छादन. पडद्यावर इंग्रजी लाल अक्षरांत लिहिलं होतं की ओळख पटवण्याचे प्रयत्न फार झाले, दार बंद.

मी आत्मविश्वासाने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. माझ्या दुकानातले निम्मे आजार यानेच बरे होतात. तेच लाल अक्षर. मी इंटरनेटची वायर काढून फुंकर मारून परत लावली. तेच. मी म्हटलं, पासवर्ड बदलला असेल. भाऊजी म्हणाले, "पासवर्ड नाईच ना इथं." मी म्हटलं, माहीत आहे, खात्री करत होतो. मग माझ्या डोक्यात मोठी कल्पना आली. माझ्या मोबाइलचं इंटरनेट जोडून पाहिलं. तेव्हा तर लाल अक्षरही आलं नाही, सर्व्हर बोलेचना. कंपनीने फक्त जिनिंगच्या इंटरनेटचा पत्ता नोंदवून घेतला होता. दुसऱ्या पत्त्यावरून आलेल्याला ते ओळखच देत नव्हते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त म्हणालो, रेंज नाही.

शेवटी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. हैदराबादची मुलगी होती, गोड बोलत होती. तिने तिच्या बाजूने पाहिलं आणि विचारलं, सकाळपासून किती वेळा प्रयत्न केला? मी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी जाळीकडे पाहिलं.

"बार-बार मत करो ना सर," ती म्हणाली. "आप खटखटाते रहे तो सर्वर आपका पता ही बंद कर देता. आधा घंटा हाथ मत लगाओ."

अर्धा तास हात लावायचा नाही, हे भाऊजींना सांगणं म्हणजे पोराला जत्रेत नेऊन डोळे मिटायला सांगणं. मी बाहेर नळावर पाणी प्यायला गेलो. परत आलो तर त्यांनी एकदा दाबून पाहिलं होतं.

"काऊन दाबलं?"

"म्हटलं, उघडलं असंन."

अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. दोनची बस गेली. बाहेर ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवू लागले. एकाने ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भात चढवला, म्हणजे त्याने आमची परीक्षा घेऊन निकाल लावूनच टाकला होता. मी भाऊजींना म्हटलं, फाटक उघडून तुम्ही तरी निघा. ते म्हणाले, फाटक उघडलं की ट्रक निघतील, पोच आल्याशिवाय ट्रक निघाले तर उद्या शेठ काय सांगेल कंपनीला? मग मी म्हटलं, मला तरी जाऊ द्या. त्यांनी खिडकीतून फाटकाला नाक लावलेला ट्रक दाखवला.  मी एका गाठीवर बसलो. रुईची गाठ दिसते गादीसारखी, असते दगडासारखी.

मी त्यांचे दोन्ही हात माझ्या नजरेखाली ठेवून तो अर्धा तास काढला. ते हात एकसारखे जुडग्याकडे जात होते. चावी सरकवायची, दुसरी, तिसरी. मधेच लाल गोंडा यायचा, तो बोटांमध्ये थोडा जास्त थांबायचा. माझ्या मनात एक वाईट विचार आला की या माणसाला अडकून पडल्याचं फारसं दुःख नाही. इथे निदान सगळी दारं ओळखीची होती.

फोन परत वाजला. हैदराबादच्या मुलीला कारण सापडलं होतं.

"सर, आपके तरफ से एक के पीछे एक चाबी आरी. हमारे वाली की बारी आने से पहले सर्वर दरवाजा बंद कर देरा. पुराना सर्वर सब देख लेता था. नया वाला इतना सबर नहीं करता."

मी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे एक छोटा प्रोग्राम बसलेला असतो. सर्व्हरने ओळख विचारली की तो त्याच्याजवळच्या चाव्या ओळीने पुढे करतो. मी तो उघडला आणि सासूबाईंची कोठी आठवली. जिनिंगने आजवर ज्यांना ज्यांना गाठी विकल्या होत्या त्या सगळ्यांच्या चाव्या त्यात होत्या. दिवाळं निघालेल्या सूतगिरणीची होती. भांडण होऊन तुटलेल्या दलालाची होती. एका कंपनीचं नाव तर शेठही विसरले असतील. चालू कंपनीची चावी सगळ्यात शेवटी.

मुलगी म्हणाली, बाकीच्या काढून टाका, एकच ठेवा आणि एकदाच करा. आणखी एकदा चुकलं तर ती काही करू शकणार नव्हती, पत्ता उद्यापर्यंत बंद राहणार होता.

मी माउस धरला. भाऊजींनी माझं मनगट धरलं.

"त्या नाई काढाच्या."

"भाऊजी, त्या कंपन्या बुडाल्या."

"बुडू दे. ज्यानं देली तो उद्या मांगायले आला तं काय सांगू? सुरेशनं पुसून टाकली?"

"सूतगिरणी मांगायले येनार हाय का?"

"तुले काय मालूम?"

मी चिडलो. इतका चिडलो की शुद्ध भाषेत बोलू लागलो, माझी बायको यालाच घाबरते. तामसीला लोक वाट पाहत बसलेत, चार वाजून गेलेत, तुम्ही मेलेल्या गिरण्यांची राखण करत बसा.  भाऊजींच्या नव्या शर्टाच्या खांद्यावर कापूस बसला होता, तो त्यांनी झटकला नाही. आम्ही दोघं त्या पत्र्याच्या पेटीत एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. उन्हं जाळीतून उतरून भिंतीला लागली.

तेवढ्यात मल्लय्या आला. "सार, गेटकाड कोणी बाई आली. तुमचं नाव घेते."

विमलबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. अंगावर इस्त्रीची साडी, हातात स्टीलचा डबा, पायांवर तामसीच्या रस्त्याची धूळ. तासभर वाट पाहून त्या उलट्या बसने आदिलाबादला आल्या होत्या. भाऊ नको म्हणाला होता, हे त्यांनीच नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

भाऊजी ट्रकच्या बाजूने अंग चोरत फाटकापर्यंत गेले. मी मागे थांबलो, पण ऐकू येईल इतका जवळ. सळयांच्या अलीकडे ते, पलीकडे त्या.

"म्हटलं तुमी येत नाई तं आपन पाहून यावं," त्या म्हणाल्या. "आजारी हायेत का नाई म्हनाचं हाय, ते तरी समजंन."

भाऊजींनी सांगायला सुरुवात केली. सर्व्हर, चावी, पोच, ट्रक. त्यांना नीट सांगता येईना, पण विमलबाईंनी मधेच तोडलं नाही. शेवटी ते अमानतीवर आले. बाईंनी त्यांच्या कमरेकडे पाहिलं.

"ह्या सगळ्या लोकायच्याच?"

"हाव."

"माह्या मालकाची मोटरीची चाबी होती माह्याजवळ," त्या म्हणाल्या. "विहिरीवरच्या खोलीची. मोटर इकली, शेत इकलं, चाबी राह्यली. रोज डब्यात दिसे. एक दिवस गेली न ज्यानं शेत घेतलं त्याले देऊन आली. तो म्हने, बाई, कुलूप तं कवाच बदललं. म्हटलं, बदलू दे, तुई वस्तू तुले पोचली."

भाऊजींचा हात जुडग्यावर गेला.

"अमानत कोनी ठेवाले देते का? वापस द्यायले देते," त्या म्हणाल्या आणि सळयांमधून डबा पुढे केला. "पोहे गार झाले. तुमच्या साळ्याले पन द्या. तो मांगं उभा हाय, लपला हाय असं त्याले वाटते."

डबा सळयांमधून येईना. भाऊजींनी झाकण काढून तो तिरपा केला, तरी येईना. मग त्यांनी तो तसाच धरून ठेवला, अर्धा आत, अर्धा बाहेर. बाईंनीही आपली बाजू सोडली नाही.

"थोडं थांबसान?" भाऊजींनी विचारलं.

"बस पावनेसातची हाय."

भाऊजी दफ्तरात आले. त्यांनी स्वतः फोन लावला आणि हैदराबादच्या मुलीला त्यांच्या मोडक्या हिंदीत एकच गोष्ट विचारली: जुन्या चाव्या न पुसता बाजूला ठेवता येतात का, ज्यांच्या आहेत त्यांना पोचवता येतील अशा? ती हसली नाही. मला त्या मुलीला अजूनही कधीतरी साडी पाठवावीशी वाटते. ती म्हणाली, हो, पेनड्राइव्हवर काढून ठेवा, कॉम्प्युटरमध्ये फक्त एकच राहू द्या.

पेनड्राइव्ह माझ्या खिशात होता. त्यात माझ्या पुतण्याच्या लग्नाचे फोटो होते, तिथे त्या मेलेल्या गिरण्यांना जागा मिळाली. कोपऱ्यातल्या प्रोग्राममध्ये एकच चावी उरली. भाऊजींनी हात पुढे केला, मागे घेतला, दारातून फाटकाकडे एकदा पाहिलं आणि दाबलं.

लाल अक्षर आलं नाही. फाइल सरकू लागली. पोच आली, तेव्हा मी ओरडलो आणि भाऊजी नुसते उभे राहिले, कडी वाजवल्यावर थांबायचे तसे.

फाटक उघडताना मात्र त्यांनी जुडग्यातून नेमकी चावी पहिल्याच झटक्यात काढली. ट्रक मागे झाला, पल्ला सरकला, आणि डब्याचा उरलेला अर्धा भाग विमलबाईंसकट आत आला. आम्ही तिघांनी गाठीवर बसून गार पोहे खाल्ले. शेंगदाणे भरपूर होते. बाईंनी पोहे खाता खाता भाऊजींच्या गालावर लागलेला मिशीचा रंग दाखवला, पदराने पुसला नाही, नुसतं बोट दाखवलं. जे सांगायची आम्हा कुणाची छाती नव्हती ते झालं.

पुढच्या काही महिन्यांत भाऊजी आदिलाबादभर फिरत होते. रविवारी सकाळी निघायचे आणि चाव्या परत करायचे. मोबाइलच्या दुकानदाराला त्यांनी पोस्टमास्तरांच्या घराची चावी दिली. तो आधी घाबरला, नोटीस आहे असं त्याला वाटलं, मग त्याने ती काउंटरच्या काचेखाली ठेवून दिली. गणपती मंडळाच्या पोरांना पेटीची चावी मिळाली तेव्हा पेटी कुठे आहे हेच त्यांना आठवेना. मोडकी चावीही कुणाची आहे ते त्यांनी शोधून काढलं आणि दोन तुकडे देऊन आले. दर रविवारी जुडग्याचा आवाज थोडा पातळ होत गेला. माझी बायको म्हणायची, आता चहात पाणी कधी वाढवू ते कळत नाही.

शेठनी तक्रार केली, पण सर्व्हरची चावी आणखी एका माणसाच्या नावाने काढायला त्यांना शेवटी हो म्हणावं लागलं. तामसीच्या मारुतीच्या देवळात थोड्या माणसांत लग्न झालं. भाऊजींनी नोकरी सोडली, आदिलाबादचं घर भाड्याने दिलं आणि तामसीला भाजीच्या वाफ्यांमध्ये राहायला जायचं ठरवलं.

जायच्या दिवशी मी दुकानात कुणाच्या तरी जमिनीच्या कागदांच्या प्रती काढत होतो. मान वर केली तर भाऊजी काउंटरपुढे उभे होते. कधी आले ते मला कळलंच नाही. आवाजच झाला नाही.

त्यांनी खिशातून लाल गोंड्याची चावी काढून काचेवर ठेवली.

"एवढीच राह्यली," ते म्हणाले. "हे कोनाले देऊ, ते लई दिवस समजत नोतं. किरायदाराले कशी देऊ? मंग वाटलं, मानूस तुमच्या घरून आनला होता."

 मशीन प्रती काढत राहिलं. मी चहा मागवतो म्हणालो तर ते म्हणाले, बस लागली असंन.

समोरच रस्त्यापलीकडे तामसीची बस थांबते. विमलबाई रिकाम्या टोपल्या घेऊन आधीच चढल्या होत्या आणि खिडकीतून भाऊजींना लवकर या म्हणून खुणावत होत्या. भाऊजी रस्ता ओलांडून गेले. पायरीवर एक पाय ठेवल्यावर त्यांचा हात सवयीने कमरेला गेला. तिथे तो चाचपडला, थांबला, आणि मग त्या हाताने त्यांनी दाराचा दांडा धरला.